पगार टोकनमध्ये घ्यावा का डॉलरमध्ये?

परभणीकर_डेव्ह:
नमस्कार मंडळी. मी परभणीत घरूनच बाहेरच्या एका क्रिप्टो स्टार्टअपसाठी काँट्रॅक्टवर काम करायलोय, दीड वर्ष झालं. आतापर्यंत बँकेत डॉलर यायचे. आता म्हणायलेत एकतर सगळे पैसे यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) घ्या, नाहीतर निम्मे यूएसडीटी अन् निम्मे आमच्या टोकनमध्ये (कंपनीनं स्वतः काढलेलं क्रिप्टो नाणं), टोकन २० टक्के कमी भावानं पण वर्षभर विकायचं नाही. मन व्हायलंय, पण एक खटकायलंय, टीममधल्या ज्यांनी आधीच टोकन घेतलं ते उठल्या उठल्या भाव बघतेत, कोडमधल्या चुका तशाच पडून अन् मीटिंगमध्ये टोकन एक्स्चेंजवर विक्रीला कधी येणार एवढंच चाललेलं असतं. काय करावं?

लातूरचा_शेतकरीपुत्र:
भाऊ, सालगड्याला ठरलेलं साल मिळतं, पाऊस पडो न पडो. बटईवाला मात्र पीक आपलं म्हणून रात्री लाईट आली की दारं धरायला जातो. कंपनीला वाटतं टोकन दिलं की तुम्ही बटईवाल्यासारखे राबाल. पण बटईत सोयाबीन खरंच घरात येतं अन् ते आडतीवर कुणीही घेतं. टोकनचा भाव तुमच्या कोडनं कमी अन् गाजावाजानं जास्त हलतो, मग माणूस गाजावाजाच करणार ना. त्या पोरांना दोष देऊ नका, पैसे ज्याचे मिळतेत तेच ते करायलेत. अन् वर्षभराचं लॉक म्हणजे तर उचलीपेक्षा वाईट, ऊसतोडीत निदान पैसे आधी हातात पडतात मग माणूस बांधला जातो, इथं आधी बांधून घेणार.

संभाजीनगर_जुना_ट्रेडर:
कंपनीकडूनही बघा. बिटकॉइन मायनरला, म्हणजे कॉम्प्युटर चालवून नवे बिटकॉइन मिळवणाऱ्याला, लाईट बिल सरकारी चलनात भरावं लागतं म्हणून भाव पडला तरी बिलापुरते कॉइन विकावेच लागतात. तसंच तुमच्या कंपनीचा सर्व्हर-भाड्याचा खर्च डॉलरमध्ये अन् तिजोरीत स्वतःचंच टोकन असलं तर ती तुमच्याआधी विकणार, तुम्ही लॉकमध्ये. एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या मालकाची अलामेडा ही ट्रेडिंग कंपनी, तिच्या ताळेबंदात घरचंच एफटीटी टोकन ढिगानं होतं, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बाहेर आलं अन् एफटीटी आठवडाभरात २० डॉलरच्या वरून ५ च्या खाली. सेल्सियस ही लोकांचं क्रिप्टो ठेवीसारखं घेणारी कंपनी तर व्याज आमच्या सीईएल टोकनमध्ये घ्या, जास्त देतो म्हणायची, जून २०२२ मध्ये लोकांचे पैसे काढणंच बंद केलं. माझेही एका प्रोजेक्टमध्ये आठ महिन्यांचे पैसे असेच गेले, लॉक सुटला तेव्हा घेणाराच नव्हता. लेकरांच्या फीचे पैसे होते ते, म्हणून एवढं जीव तोडून सांगायलो.

नांदेड_टॅक्सवाला:
टॅक्सचं कुणी बोललंच नाही. मोबदला म्हणून टोकन मिळालं की त्या दिवसाच्या भावानं ते तुमचं उत्पन्न धरलं जातं, त्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स. नंतर विकून नफा झाला तर त्यावर ३० टक्के अन् सेस, तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे १ लाखाचं टोकन २० हजारांवर आलं तरी टॅक्स १ लाखावरच. यूएसडीटीसुद्धा आपल्याकडं टॅक्सच्या कायद्यात बाकी क्रिप्टोसारखंच व्हर्च्युअल डिजिटल अ‍ॅसेटच आहे, विकताना १ टक्का टीडीएस कटतो. अन् जीएसटी नंबर असला तर एक्स्पोर्टची सवलत बँकेत परकीय चलन आलं तरच मिळते, क्रिप्टोवर अडकाल. दोन्ही पर्याय नको, बँकेतच मागा.

परभणीकर_डेव्ह:
खूप आभार सगळ्यांचे. त्यांना विचारलं, तुमच्या तिजोरीत डॉलर किती महिन्यांचे? अजून उत्तर नाही. मी कळवलंय, मूळ पैसे पहिल्यासारखे बँकेतच पाहिजेत, टोकन द्यायचंच असलं तर वरचा बोनस म्हणून द्या, अन् तोही भावावर नाही, मी बनवलेला सॉफ्टवेअरचा भाग वापरणारे किती टिकले त्यावर.

लातूरचा_शेतकरीपुत्र:
हे बरं केलं भाऊ. उत्तर आलं की इथं टाका, माझ्या चुलतभावालाही अशीच ऑफर आलीय.