‘गिटार पुल’ला मराठीत काय म्हणावं?

फडताळ :
वाचनालयाच्या श्रवणगटात यंदा अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातली एक ध्वनिमुद्रिका ऐकवायची आहे आणि तिच्यावरचं पानभर टिपण माझ्या गळ्यात पडलंय. १३ सप्टेंबर १९९५, ब्लूबर्ड कॅफे. गाय क्लार्क, टाउन्स व्हॅन झँट, स्टीव्ह अर्ल. तिघं शेजारी बसून आळीपाळीने स्वतःची गाणी म्हणतात, मधेमधे गप्पा. ‘साँगरायटर’, ‘गिटार पुल’ आणि ‘ट्रिब्यूट’ इथे अडलोय. गीतकार, जुगलबंदी, श्रद्धांजली असं ठोकून दिलं होतं. वाचताना तिन्ही खटकले.

तंबोरा :
खटकणारच. गीतकार म्हटलं की शब्द लिहून देणारा. ‘गीतरामायणा’त शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. आपल्याकडे ही वाटणी इतकी पक्की की दोन्ही करणाऱ्याला रोजच्या बोलण्यात शब्दच उरला नाही. जुना आहे : वाग्गेयकार. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त त्याची व्याख्या केली. मातु म्हणजे शब्द, धातु म्हणजे चाल. दोन्ही रचतो तो वाग्गेयकार.

फडताळ :
अर्थ चपखल, पण अर्लला पागोटं घातल्यासारखं वाटतं. शाहीर चालेल का? तोही लिहितो नि गातो.

तंबोरा :
अमेरिकी लोकगायक वूडी गथ्रीला चालेल. त्याच्या गिटारीवर ‘हे यंत्र फॅसिस्टांना मारतं’ असं लिहिलेलं असे. आपला डफच तो. पण शाहिरामागे झीलकरी असतात, पुढे जमाव. टाउन्सची गाणी एकट्या माणसाने रात्री दुसऱ्या एकट्याला म्हटल्यासारखी. तिथे ‘स्वतःची गाणी रचून गाणारा’ असंच सरळ लिहा.

डबलबारीवाला :
आता पुलाचं बघू. (नदीवरचा नव्हे!) जुगलबंदी तर अजिबात नको. आमच्या कोकणातली भजनाची डबलबारी घ्या : दोन बुवा समोरासमोर, एकाची बारी संपली की दुसरा उत्तर द्यायला टपलेला. सवाल-जवाब, कलगी-तुरा, सगळीकडे चढाओढ. गिटार पुलात कुणाला हरवायचं नसतं. मूळ कल्पना एवढीच की गिटार एक, गाणारे अनेक; एकाचं झालं की दुसरा ती ओढून घेतो. कंट्री गायक जॉनी कॅशच्या नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलमधल्या घरी अशा बैठका होत. १९६९च्या सुमारास बॉब डिलन, जोनी मिचेल, क्रिस क्रिस्टॉफरसन ही मंडळी तिथे नवी गाणी एकमेकांना ऐकवत होती.

फडताळ :
पण ब्लूबर्डमध्ये तर प्रत्येकाजवळ आपापली गिटार आहे.

डबलबारीवाला :
म्हणून तिथे शब्दही वेगळा : ‘इन द राउंड’. ब्लूबर्ड १९८२ साली उघडलं, दुकानांच्या ओळीतला एक लहानसा गाळा, जेमतेम ९० खुर्च्या. १९८५च्या सुमारास तिथे गाणारे खोलीच्या मध्यभागी गोल करून बसू लागले, श्रोते भोवती. घरच्या प्रकाराला ‘बैठक’ म्हणा, या प्रकाराला ‘फेर’.

शब्दवेल्हाळ :
‘फेर’ म्हटलं की मला भोंडला दिसतो! पाटावरच्या हत्तीभोवती सगळ्याजणी एकच गाणं म्हणत फिरतात. ‘फेरी’ बरी. ‘तीन फेऱ्या झाल्या’ म्हणजे प्रत्येकाची तीन गाणी झाली. नेमका शब्द ‘पाळी’ होता, पण तो एकटा फलकावर लिहायची सोय राहिलेली नाही.

फडताळ :
फेरी घेतो. आता ट्रिब्यूट?

शब्दवेल्हाळ :
श्रद्धांजली गेलेल्याला. टाउन्स त्या रात्री हयात होता, शेजारीच बसला होता. तो गेला १ जानेवारी १९९७ला. अर्लने पुढे २००९मध्ये त्याच्या गाण्यांची आणि २०१९मध्ये, क्लार्क गेल्यानंतर, क्लार्कच्या गाण्यांची अशा दोन अख्ख्या ध्वनिमुद्रिका केल्या. त्यांना आदरांजली म्हणा. मानवंदनेत मला पोलीस बँड ऐकू येतो. आणि ‘इन्फ्लुअन्सेस’साठी ‘हे माझे प्रभाव’ असं तर कृपा करून लिहू नका. प्रभाव पडतो, तो माणूस नसतो. आपण म्हणतो, ‘यांचं ऐकून शिकलो.’

तंबोरा :
आणि जिवंत गुरूसमोर? आपले गवई त्यांचं नाव घेताना कानाची पाळी धरतात. अर्लने काय केलं, तर १९८२मध्ये झालेल्या मुलाच्या नावात ‘टाउन्स’ घातलं. जस्टिन टाउन्स अर्ल. तोही पुढे गाणी रचून गाणाराच झाला.

शब्दवेल्हाळ :
म्हणजे पाळी शेवटी कानाला तरी उरली.

फडताळ :
शेवटची शंका. ‘टाउन्स यांनी’ की ‘टाउन्सने’? आमचे अध्यक्ष आदरार्थीचा आग्रह धरतात.

तंबोरा :
‘भीमसेन काय गायलाय!’ म्हणताना कुणी ‘यांनी’ लावतं का? ज्याचं गाणं रोज ऐकतो, तो एकेरीतच येतो. अध्यक्षांचा उल्लेख मात्र आदरार्थीच करा.