बोअर एकच, पण दोघा भावांचा रक्तदाब वेगळा: आर्सेनिक आणि जनुके?

प्रश्न (अहमदपूर, जि. लातूर)

आमच्या शेतातील सहाशे फूट बोअरचे पाणी वडील आणि काका दोघेही पितात. वडिलांचा रक्तदाब गोळी घेऊनही 150 च्या खाली येत नाही. काकांना काहीच त्रास नाही. पाण्यातील आर्सेनिकमुळे रक्तदाब वाढतो आणि तो कोणाचा किती वाढेल हे जनुकांवरही अवलंबून असते, असे वाचनात आले. आमच्या घरात तसे घडत असेल का?

उत्तर (नांदेड)

तुम्ही वाचले त्याला आधार आहे, पण तो बांगलादेशातला. आराइहाजार भागात 2000 पासून कूपनलिकांचे पाणी पिणाऱ्या हजारो लोकांचा रक्तदाब वारंवार मोजला गेला, तेव्हा ज्यांच्या लघवीत आर्सेनिक अधिक होते त्यांचा वरचा आकडा, सर्वांत कमी आर्सेनिक असलेल्यांच्या तुलनेत, दरवर्षी सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त चढत गेल्याचे दिसले. एवढा फरक दवाखान्यात कोणाच्या ध्यानातही येणार नाही. हाच वेग टिकला तर वीस वर्षांत तो दहा होतो.

जनुकांचा भाग असा की, एएस3एमटी या जनुकापासून बनणारे विकर यकृतात आर्सेनिकला टप्प्याटप्प्याने मिथाइल गट जोडते. पहिल्या टप्प्यातील संयुग अधिक घातक मानले जाते, दुसऱ्यातील लघवीवाटे सहज निघून जाते. हा दुसरा टप्पा ज्यांच्यात अपुरा राहतो, त्यांना तेच पाणी अधिक बाधते.

आपल्या काळ्या पाषाणात मात्र आर्सेनिकची तक्रार क्वचितच ऐकू येते. किनवटकडे फ्लोराइड आहे, इतरत्र नायट्रेट. हंड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर क्षारांचा असतो. आर्सेनिकला ना रंग ना चव, आणि उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. पाणी तपासायला देताना आर्सेनिकचे नाव घेऊन मागणी करा. मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे.

उत्तर (परभणी)

जनुकांपर्यंत जाण्याआधी विचारतो: काकांचे वय किती, आणि ते हे पाणी कधीपासून पितात? जेवणात ठेचा, लोणचे, पापड किती असतात, हेही सांगावे.

प्रश्नकर्ता

पाण्याचा नमुना सोमवारी देतो. काका वडिलांहून नऊ वर्षांनी लहान आहेत आणि 2019 पर्यंत पुण्यात नोकरीला होते, हे लिहायचे राहून गेले. लोणच्याशिवाय वडिलांचा घास उतरत नाही.