धर्मयुद्धांनंतर फ्रान्सची राजसत्ता बळकट कशी झाली?

प्रश्न: १५६२ ते १५९८ या काळात कॅथलिक आणि ह्यूगनॉट प्रॉटेस्टंट यांच्या युद्धांत फ्रान्स होरपळून निघाला. मग पुढच्याच शतकात तेथील राजा इतका प्रबळ कसा झाला?

उत्तर १: माझ्या मते याचे मर्म १५९८ च्या नांतच्या फर्मानात आहे. चौथ्या हेन्रीने ह्यूगनॉटांना उपासनेचा मर्यादित हक्क दिला आणि काही तटबंदीची शहरेही त्यांच्या ताब्यात ठेवली. त्यामुळे शांतता आली, पण राज्यात दुसरे लष्करी बळ उरले. पुढचा राजा तेरावा लुई याचा प्रधान रिशल्यू याला नेमके तेच खुपत होते. १६२७-२८ मध्ये त्याने ह्यूगनॉटांच्या ताब्यातील ला रोशेल या बंदर-शहराला वेढा घातला, इंग्लंडची मदत पोहोचू नये म्हणून समुद्रात बांध उभारला, आणि उपासमारीने हजारो माणसे दगावल्यावर ते शहर शरण आले. १६२९ च्या आलेसच्या तहाने उपासनेची मुभा राखली, किल्ले मात्र काढून घेतले.

उत्तर २: हे पटते, परंतु शस्त्रे गेल्यावर ती मुभा केवळ राजाच्या मर्जीवर उरली, ही बाब मला अधिक गंभीर वाटते. चौदाव्या लुईच्या राजवटीत ह्यूगनॉटांच्या घरांत सैनिक उतरवून धर्मांतरे घडवण्यात आली आणि १६८५ मध्ये ते फर्मानच रद्द झाले. सुमारे दोन लाख लोकांनी देश सोडला.