प्रवाळ बेटावर भुयारी गटार हवे की घरोघरी टाकी?

पुळणकर (धागाकर्ता) :
लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर कामानिमित्त आठवडाभर राहिलो, तेव्हा यजमानांच्या परसातील विहीर आणि संडासाचा शोषखड्डा यांच्यामध्ये माझी जेमतेम दहा पावले भरली. खाली माती नव्हतीच, पांढरी प्रवाळी वाळू होती, आणि तिच्यातून मैलापाणी पुरेसे गाळले न जाताच खाली उतरते. अशा बेटावर पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. विहिरीत येते ते त्याच थरातले आणि शोषखड्डाही रिता होतो तो त्याच थरात. म्हणून माझे मत असे की, बेटावर भुयारी गटार आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र झालेच पाहिजे.

उतार :
दुखणे तुम्ही बरोबर ओळखले आहे, पण औषधाबद्दल माझा मतभेद आहे. गटाराला उतार लागतो. सपाट बेटावर तो मिळवायचा तर वाहिनी खोल न्यावी लागते, आणि एक-दोन मीटरवरच पाणी लागत असल्याने चर खणताक्षणी भरतो. मग पंप आले, पंपांना वीज आली, आणि तिथली वीज मुख्यतः मुख्य भूमीवरून जहाजाने येणाऱ्या डिझेलवर चालते. (आपल्याकडच्या नगरपालिकांची उपसा केंद्रे किती दिवस बंद असतात, हे इथे कोणाला सांगायला नको.) याहून मोठा आक्षेप पाण्याच्या हिशेबाचा आहे. विहिरीतून उपसलेले पाणी वापरानंतर पुन्हा जमिनीत मुरते, म्हणून तो गोडा थर टिकून राहतो. तेच पाणी गटारातून समुद्रात सोडले तर थर पातळ होईल आणि विहिरी मचूळ होतील. मालदीवच्या मालेमध्ये सांडपाणी नळांतून थेट समुद्रात सोडले गेले, हे उदाहरण समोर असू द्यावे.

पुळणकर :
समुद्रात सोडा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. प्रक्रिया केलेले पाणी माडांना द्यावे, म्हणजे ते बेटावरच मुरेल. डीआरडीओची (संरक्षण संशोधन संस्थेची) जैवपाचक टाकी, म्हणजे जिवाणूंकरवी मैला कुजवणारी टाकी, तुम्ही सुचवणार, हे दिसतेच आहे. तिच्यात मैला कुजून संपतो हे खरे, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया आणि काही रोगजंतू उरतातच. अमोनियातला तो नत्र पुढे खाजणात (बेट आणि प्रवाळभिंत यांच्यामधल्या उथळ पाण्यात) पोहोचला की शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरते. आणि प्रवाळच गेले, तर लाटा अडवायला काय उरेल?

देवबागकर :
मालवणजवळच्या आमच्या देवबागेत एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची पट्टी. न्याहारी-निवासाची घरे वाढली तशा टाक्याही वाढल्या, विहिरी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. त्यामुळे पुळणकरांची काळजी मला पटते. तरीही गटार होईपर्यंत लोकांनी प्यायचे काय? कवरत्तीला 2005 साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने समुद्राच्या उष्ण आणि थंड पाण्यातील तापमानफरकावर चालणारा गोड्या पाण्याचा प्रकल्प उभारला. त्याची क्षमता दिवसाला 1 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती सुमारे 11 हजार, म्हणजे माणशी नऊ लिटर. पिणे आणि स्वयंपाक त्यात भागेल, पण अंघोळ-धुणे विहिरीवरच राहणार.

उतार :
नेमका हाच माझा मुद्दा. पिण्याचे पाणी विहिरीपासून तोडले, तर उरलेल्या वापरासाठी घरोघरीच्या टाक्या, शोषखड्ड्याऐवजी झाडांचा वाफा आणि विहिरीपासून सक्तीचे अंतर एवढ्यावर बरेच साधते. हॉटेले, रुग्णालय आणि शाळा यांना मात्र स्वतःचे छोटे प्रक्रिया केंद्र बंधनकारक असावे, एवढे मी पुळणकरांना देतो.

पुळणकर :
सक्तीचे अंतर लहान परसात बसते का, हे आधी मोजून पाहा. माझ्या यजमानांकडे विहिरीपासून कुंपण बारा पावलांवर होते. आणि टाक्यांत साठणारा गाळ कोण उपसणार आणि टाकणार कुठे, याचे उत्तर तुमच्या दोन्ही प्रतिसादांत आलेले नाही.

उतार :
गाळ तुमच्या केंद्रातही साठणारच आहे, आणि तोही रोजच्या रोज. तो वाळवून माडांच्या आळ्यात घालावा लागेल, कारण पावसाळ्यात जहाजांच्या फेऱ्या कमी होतात आणि तो बाहेर न्यायचा खर्च कोणी उचलणार नाही.