सेल काढून पासवर्ड जाईलच असं नाही
लॅपटॉपच्या बायोसचा (मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा) पासवर्ड विसरलात म्हणून मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) छोटा सेल काढून ठेवायचा सल्ला तुम्हाला मिळालाय, पण तो डेस्कटॉपवर चालतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, तिला वीज तुटल्याने काही होत नाही. फार तर घड्याळ चुकेल. त्यापेक्षा मुद्दाम 3 वेळा चुकीचा पासवर्ड टाका. काही मॉडेलवर ‘सिस्टिम डिसेबल्ड’च्या खाली एक कोड येतो, तो जसाच्या तसा टिपून खरेदीच्या पावतीसकट कंपनीला कळवा, कुलूप उघडणारा मास्टर पासवर्ड मिळू शकतो. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपचा सुपरवायझर पासवर्ड (बायोसच्या सेटिंग्जना कुलूप लावणारा मुख्य पासवर्ड) असेल तर मात्र लेनोवो सरळ मदरबोर्ड बदला म्हणते (जुन्या मशीनवर कोण करणार तो खर्च!). नुसता डेटा हवा असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा. डिस्कचा स्वतंत्र पासवर्ड किंवा बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) नसेल तर फाइली उघडतील.