कोची ते सेशेल्स: १३ दिवसांनी बंदरात शिरताना काय करायचं?

रंकाळा_ते_दर्या:
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे चौघे जानेवारीत ४० फुटी स्लूपवरून (एका डोलकाठीची शिडाची बोट) कोची ते व्हिक्टोरिया (माहे बेट) जाणार आहोत. साधारण १५०० सागरी मैल, दिवसाला ११५ धरले तर १३ दिवस. मधल्या प्रवासाची तयारी झालीय, अडलंय ते पोचण्याचं गणित. रात्री पोचलो तर वाटेत प्रालँ आणि ला दीग बेटं आहेतच. तिथं नांगर टाकून रात्रभर झोपायचं आणि सकाळी व्हिक्टोरियात जायचं, हे चालेल का? झेंडे इथंच शिवून घ्यावेत का? घरची चटणी, गूळ, मटकी सोबत असणारच, त्याची अडचण येईल का? आणि एकजण तिथून विमानानं परत येणार आहे, त्याचं काय?

तांडेल१६:
ला दीगला झोपायचा बेत आधी रद्द कर, भावा. परदेशातून आलेल्या बोटीनं पहिली हजेरी व्हिक्टोरियातच लावायची असते. क्लिअरन्सच्या (सरकारी प्रवेश-परवानगीच्या) आधी दुसऱ्या बेटाला टेकलात तर तो बेकायदा प्रवेश झाला, आणि एआयएस (बोटीची जागा आपोआप कळवणारं यंत्र) चालू असेल तर रात्र कुठं काढली ते सगळ्यांना दिसतं. एआयएस बंद करून गेलात तर आणखी वाईट.

दुसरी गोष्ट चार्टवर बघ. कोचीपासून व्हिक्टोरियापर्यंत सरळ रेघ ओढलीस तर ती जवळजवळ ला दीगवरूनच जाते. प्लॉटरवर (पडद्यावरच्या नकाशावर) दोनच वेपॉइंट, म्हणजे मार्गावरच्या खुणा, टाकून ऑटोपायलट लावणाऱ्याला हे झूम केल्याशिवाय कळत नाही. म्हणून ला दीग आणि फ्रेगात बेट यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात तिसरा वेपॉइंट टाक. तिथं १३-१४ मैलांची फट आहे.

झोप काढायची तर बाहेर, हीव्ह-टू करून, म्हणजे शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून बोट जवळजवळ जागीच थोपवून. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जानेवारीत वारा बहुधा वायव्येचा असतो. ला दीगच्या पूर्वेला १५ मैलांवर थांबलात तर बोट वाहत गेली तरी जमिनीपासून लांबच जाते. जिब (पुढचं शीड) उलट्या बाजूला, मेनला (मुख्य शिडाला) दोन रीफ, म्हणजे ते दोन टप्पे लहान केलेलं, सुकाणू वाऱ्याकडे वळवून बांधलेलं. तरी एकजण पहाऱ्यावर हवाच, बेटांभोवतीच्या समुद्रतळाच्या उंचवट्यावर, उथळ पाण्यात मासेमारीच्या बोटी असतात. तिथून व्हिक्टोरिया साधारण ४३ मैल. ५ नॉट धरून मध्यरात्री निघालात तर साडेआठच्या सुमाराला, चांगल्या उजेडात पोचता. घड्याळ मात्र दीड तास मागं घ्या. भारतीय वेळेवर राहिलात तर कचेरी उघडण्याआधीच हाका मारत बसाल. हाक व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर, व्हिक्टोरिया पोर्ट कंट्रोलला: बोटीचं नाव, नोंदणीचा देश, माणसं किती, मागचं बंदर, पोचण्याची वेळ. ते सांगतील तिथं नांगर टाकायचा आणि अधिकारी येईपर्यंत बोटीवरच बसायचं. डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) पाण्यात सोडायची नाही.

डिझेलमामा:
कागदांवर सगळेच बोलतील, मी इंजिनावर बोलतो. बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडतं ते उगाच नाही. विषुववृत्ताजवळ वारा पडतो, तिथं तुम्ही डिझेल जाळता, पोचताना टाकी पाव उरते. तेरा दिवस हलून हलून तळाचा गाळ वर आलेला असतो, त्यात टाकी रिकामी असल्यानं बोट कलली की पाइप हवाही ओढतो. तेव्हा प्रायमरी फिल्टर (टाकी आणि इंजिन यांच्या मधला) आदल्या दिवशीच बदला, चालत असला तरी. खालच्या वाटीतलं पाणी काढा, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटानं थोडं डिझेल लावा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा) सैल करून हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग जमिनीपासून ४०-५० मैलांवर, शिडं वर असतानाच, इंजिन गिअरमध्ये घालून अर्धा तास लोडवर चालवा. नुसतं न्यूट्रलला गुरगुरवून काही कळत नाही. रिव्हर्स लागतो का तेही तिथंच बघा. एक्झॉस्टमधून पाणी कमी येत असेल तर समुद्राच्या पाण्याचा स्ट्रेनर उघडा.

नांगराची साखळी हा दुसरा फसवा प्रकार. इतके दिवस डोलल्यावर लॉकरमधला ढीग कोसळून एका कडीखाली दुसरी अडकते, आणि नांगर ५ मीटरवर गचकन थांबतो. आदल्या दिवशी ७-८ मीटर हातानं ओढून परत नीट बसवा. पाणी येऊ नये म्हणून साखळीच्या भोकात कोंबलेली चिंधी काढायला विसरू नका, विंडलासमध्ये (साखळी ओढायच्या यंत्रात) गेली की संपलं. १२ मीटर खोली, बोटीचं नाक पाण्यापासून १ मीटर वर, पाचपट धरून ६५ मीटर साखळी लागते. तेवढी आहे का, ते कोचीतच मोजा.

पंचगंगाकाठ:
झेंडे जरूर इथंच शिवा. पिवळा क्यू झेंडा (बोटीची तपासणी व्हायची आहे हे सांगणारा) म्हणजे साधा चौकोन. पट्टणकोडोलीच्या भंडाऱ्यासारखा झळझळीत पिवळा हवा, भगव्याकडे झुकलेला नको. कापड नायलॉनचं, सुती नको, ते भिजून काठीला चिकटतं. किनाऱ्यापासून १२ मैलांच्या आत शिरताना तो उजव्या स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या दांड्यावर) चढवायचा, क्लिअरन्स मिळाल्यावर उतरवून त्याच जागी सेशेल्सचा.

घोळ होतो तो सेशेल्सच्याच झेंड्यात. निळा, पिवळा, लाल, पांढरा, हिरवा असे पाच पट्टे दोरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून पंख्यासारखे उघडतात. शिंप्यानं चित्र बघून पट्टे बरोबर लावले आणि दोरीची पट्टी मात्र चुकून दुसऱ्या बाजूला शिवली, तर पंखा उलटा होतो. कापडावर खडूनं दोरीची बाजू लिहूनच द्या. ४० फुटी बोटीला २० इंच लांबीचा पुरतो.

कागद: बोटीच्या नोंदणीचा मूळ दाखला, कोचीचं पोर्ट क्लिअरन्स, पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का (हा राहिला तर पुढं सगळं अडतं), औषधांची आणि शिधासामानाची यादी, आणि क्रू लिस्टच्या (बोटीवरच्या माणसांच्या यादीच्या) १० प्रती, प्रत्येकीवर कॅप्टनची सही. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला रबरी शिक्का इथूनच करून न्या. गोल शिक्का उमटलेला कागद जगात कुठंही लवकर सरकतो.

विमानानं परतणाऱ्याचं नाव क्रू लिस्टवर आहे, म्हणजे तो बोटीसोबतच जाणार असं इमिग्रेशन धरून चालतं. पोचल्याच दिवशी तो इथं उतरणार हे सांगायचं, तिकिटाची छापील प्रत द्यायची, आणि त्याचं नाव वगळलेली नवी क्रू लिस्ट मंजूर करून घ्यायची. हे न करता तो विमानतळावर गेला तर तिथं त्याला प्रश्न आणि बंदरात कॅप्टनला.

रंकाळा_ते_दर्या:
मामा, फिल्टर किती न्यायचे? आणि खाण्याचं कोणीच बोललं नाही!

डिझेलमामा:
प्रायमरी सहा, इंजिनावरचे दोन. कोचीत डिझेल भरताना बारीक जाळीच्या फनेलमधूनच घ्या.

चटणीवाली_ताई:
खाण्याचं मी सांगते. चटणी आणि गूळ लपवायचं काही कारण नाही, पण यादीत लिहायचं. स्टीलच्या डब्यातली बिनलेबलची लाल पूड बघून कोणीही विचारणारच. चटणी सीलबंद पाकिटात घ्या, वर इंग्रजीत घटक आणि तारीख. मात्र बिनखसखशीची करून घ्या. आपल्याकडे कांदा-लसूण चटणीत आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाटणात खसखस सहज पडते. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. पुढं कुठं जाणार ते ठरलेलं नसेल तर ती बोटीवर नकोच.

खरी अडचण ताज्या मालाची आणि बियांची. आलं, कढीपत्ता, बटाटे, अंडी यांवर रोग-कीड तपासणारे अधिकारी हरकत घेतात. मटकी कोरडी असली तरी ती बीच आहे, पेरली की उगवते, म्हणून वेगळी काढून स्वतःहून दाखवायची. शेवटच्या तीन दिवसांचा स्वयंपाक त्या हिशेबानं ठरवा. उरलेलं अन्न जमिनीपासून १२ मैलांच्या बाहेर असतानाच समुद्रात टाकायचं, प्लास्टिक कधीच नाही.

रंकाळा_ते_दर्या:
आणि भिजवून मोड आलेली मटकी, ताई?

चटणीवाली_ताई:
तिची आदल्या रात्री मिसळ करा. हीव्ह-टू करून थांबणारच आहात ना.