मदत हवी आहे: बालेवाडीच्या टेनिसचे निकाल, बाबांची भिजलेली वही आणि कंसातला ९

मंडळी, नमस्कार. एरवी या विभागात मी नुसता वाचनमात्र असतो, कारण मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. आज मात्र अडलोय.

बालेवाडीला पुरुषांची एटीपी २५० (म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा व्हायची (आधी चेन्नईत होती, २०१८ ला पुण्यात आली). बाबा पहिल्या वर्षापासून न चुकता जात. कर्वेनगरहून दोन बस बदलून, पिशवीत स्वेटर, कानटोपी, छोटी दुर्बीण आणि एक दोनशे पानी वही. पुरुष एकेरीचा अख्खा ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार तो तक्ता) ते पट्टीने आखून घ्यायचे आणि निकाल लागेल तसा पेन्सिलीने भरायचे. दुहेरीला वेगळं पान.

गेल्या पावसाळ्यात माळा गळला आणि वही भिजली. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही पेन्सिलीचं फिकट अक्षर त्यांना लागत नाही. म्हणून मी सगळं मोठ्या टायपात उतरवून, छापून त्यांच्या कपाटाच्या दारावर लावणार आहे. अंतिम सामने एवढे जुळलेत (वि. वि. म्हणजे विजयी विरुद्ध):

२०१८: जिल सिमॉन वि. वि. केविन अँडरसन ७-६ (४), ६-२
२०१९: केविन अँडरसन वि. वि. इव्हो कार्लोविच ७-६ (४), ६-७ (२), ७-६ (५)
२०२०: यिरी वेसेली वि. वि. एगोर गेरासिमोव्ह ७-६ (२), ६-५, ६-३
२०२२: जुआंव सोसा वि. वि. एमिल रूसुवूरी ७-६ (९), ४-६, ६-१
२०२३: टॅलन ग्रीक्सपूर वि. वि. बेंजामिन बोंझी ४-६, ७-५, ६-३

आता घोळ. २०२१ चं पान कोरं आहे. २०१८ ची पानं दोन निघाली, एकावर ‘३१ डिसेंबर २०१८’ असा मथळा आहे. कंसात एकच आकडा का? टायब्रेक (सेट ६-६ झाल्यावरचा निर्णायक डाव) सातला संपतो म्हणतात, मग सोसाच्या पुढे ९ कुठून आला? आणि २०२३ च्या उपांत्यपूर्व फेरीत ग्रीक्सपूरपुढे स्कोअरच नाही, नुसतं ‘वॉ. ओ.’ लिहिलंय. समोर नाव चिलिचचं. बाबा तर छातीठोकपणे सांगतात की त्या वर्षी चिलिचला खेळताना पाहिलंय. न खेळता हरलेला माणूस यांनी पाहिला कुठे?

बाबांना विचारलं तर ‘वहीत असेल ते बरोबर’ एवढंच उत्तर येतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

बेसलाइनवाला
तुमचे बाबा पक्के दर्दी दिसतात. कंसातला आकडा म्हणजे टायब्रेक हरणाऱ्याचे गुण. जिंकणाऱ्याचे लिहीत नाहीत, कारण ते आपोआप कळतात. कंसात ५ किंवा त्याहून कमी असेल तर समोरचा ७. सहा किंवा जास्त असेल तर त्यात दोन मिळवा, कारण सात झाले तरी दोन गुणांची आघाडी लागतेच. म्हणजे सोसाचा ९ हा ११-९ आहे. मधला कार्लोविचने जिंकलेला सेट बघा: ६-७ (२), तिथे दोन गुण अँडरसनचे. स्कोअर नेहमी सामना जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहितात, त्यामुळे हरलेला सेट उलटा दिसतो.

कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता, उंची सहा फूट अकरा इंच. अँडरसनही सहा-आठ. दोघांच्या सर्व्हिसपुढे तिन्ही सेट टायब्रेकला गेले नसते तरच नवल.

औंधची_माई
३१ डिसेंबरचं पान २०१९ चंच आहे हो. स्पर्धा थर्टीफर्स्टला सुरू झाली होती आणि अंतिम सामना ५ जानेवारीला. आम्ही घरच्यांच्या शिव्या खाऊन गेलो होतो म्हणून पक्कं लक्षात आहे. २०२१ ला कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही, तेव्हा ते पान कोरंच लावा. मी तर म्हणते मुद्दाम लावा.

ड्यूस_दादा
वॉ. ओ. = वॉकओव्हर, म्हणजे समोरचा खेळायला न आल्याने मिळालेला विजय. चिलिचला अग्रमानांकन होतं, त्यामुळे पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळता थेट पुढच्या फेरीत (तिथेही स्कोअर नसेल, बघा). दुसरी फेरी तो खेळला आणि जिंकला. उपांत्यपूर्व फेरीआधी गुडघ्याने दगा दिला, तो कोर्टवर उतरलाच नाही. म्हणजे बाबाही बरोबर आणि वहीही. खेळ सुरू झाल्यावर सोडला असता तर त्याला ‘रिटायर्ड’ म्हणतात आणि तोवरचा स्कोअर लिहितात.

पण २०२० मध्ये एक चूक सापडली. ६-५ वर सेट संपत नाही. वेसेली तो सेट ५-७ हरला होता.

बेसलाइनवाला
+१. माझ्या नजरेतून सुटलं. आणि ती स्पर्धा फेब्रुवारीत झाली होती, जानेवारीत एटीपी कप (देशांच्या संघांची स्पर्धा) आला ना. मथळा तपासा.

ज्युनियर_कर्वेनगर
स्पर्धा चेन्नईहून पुण्यात, आणि २०२४ पासून जानेवारीतल्या त्या आठवड्यात हाँगकाँगला. आपल्याकडे पाच वर्षंच टिकली. असो, जखमेवर मीठ नको.

औंधची_माई
चॅलेंजर (एटीपीच्या खालच्या पायरीच्या स्पर्धा) होतात की अजून! २०२४ ला व्हॅशरो नावाचा मोनॅकोचा मुलगा जिंकला, तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. पुढच्या वर्षी तोच २०४ व्या क्रमांकावरून शांघाय मास्टर्स जिंकला, तेही फायनलमध्ये सख्ख्या मावसभावाला की चुलतभावाला हरवून, ते नातं काही मला लागलं नाही. बाबांना त्यांच्या वहीत त्यालाही एक पान करायला सांगा.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ९ चं ऐकून ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मीच तो पॉइंट घालवलाय. २०२० चा मथळा फेब्रुवारीचाच निघाला. ६-५ बद्दल म्हणाले, ‘त्या सेटला मी चहा आणायला उठलो होतो, शेजारच्याला विचारून लिहिलं.’ शेजाऱ्यावर ढकलून मोकळे!

खोडरबर मागितला, तो दिला नाही. वहीत ६-५ तसंच ठेवलंय, छापील कागदावर ५-७.

आता त्यांना दुहेरीही हवीय. २०१९ बोपण्णा–दिविज शरण आणि २०२२ बोपण्णा–रामकुमार एवढं वाचता येतंय, बाकीच्या पानांचा लगदा झालाय. इथेच विचारू की नवा धागा काढू?